सहा हंगामांनंतरची मुदतवाढ : मिशिगन विद्यापीठ, जिम हार्बॉ आणि चाहत्यांनी किती थांबावे हा प्रश्न

८ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांचा करार २०२५च्या हंगामापर्यंत वाढवल्याचे जाहीर केले. हा निर्णय अनेक चाहत्यांना रुचला नाही, आणि त्यांची नाराजी निराधार नव्हती. हार्बॉ यांच्या सहा हंगामांत संघाने ४९ सामने जिंकले होते आणि २२ गमावले होते. नुकत्याच संपलेल्या हंगामात खेळलेल्या सहापैकी चार सामन्यांत पराभव झाला होता. आणि ज्या एका प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या सामन्यावर मिशिगनचे चाहते प्रशिक्षकाची पारख करतात, त्या ओहायो स्टेटविरुद्ध झालेले पाचही सामने संघ हरला होता. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, ८ जानेवारी २०२४ रोजी, याच प्रशिक्षकाच्या हाताखाली मिशिगनने ह्यूस्टन येथे वॉशिंग्टनचा ३४-१३ असा पराभव करून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. चाहत्यांनी प्रशिक्षकाला किती वेळ द्यावा या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मला या प्रकरणाइतके उपयोगी दुसरे प्रकरण दिसत नाही, कारण यात संयमाच्या बाजूचे आणि अधीरतेच्या बाजूचे असे दोन्ही पुरावे भरपूर आहेत.

मराठी वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा, फेकण्याचा आणि अडवण्याचा अमेरिकी खेळ होय. विद्यापीठांचे संघ तेथे व्यावसायिक संघांइतकीच निष्ठा मिळवतात, आणि काही राज्यांत त्याहून अधिक. मिशिगनच्या मैदानाची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. हंगाम वर्षातून एकदाच, शरद ऋतूत येतो आणि त्यात जेमतेम डझनभर साखळी सामने होतात, त्यामुळे एका पराभवाचे ओझे वर्षभर वाहावे लागते. खेळाडू शाळेतून निवडून आणावा लागतो आणि त्याला साधारणपणे चार हंगाम खेळता येते. याचा सरळ अर्थ असा, की नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या दोन वर्षांतील संघ मुख्यतः आधीच्या प्रशिक्षकाने निवडलेला असतो, आणि संपूर्ण संघ त्याचा स्वतःचा व्हायला चौथे वर्ष उजाडते. प्रशिक्षकाला काढण्याचा किंवा ठेवण्याचा अधिकार विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाकडे असतो, पण हंगामी तिकिटे घेणारे चाहते आणि देणग्या देणारे माजी विद्यार्थी यांच्या नाराजीकडे त्याला पाठ फिरवता येत नाही.

मिशिगनला वाट पाहण्याची आणि न पाहण्याची, दोन्हींची किंमत ठाऊक होती. १९९७ साली राष्ट्रीय विजेतेपदात वाटा मिळवणारे लॉइड कार २००७च्या हंगामानंतर निवृत्त झाले आणि रिच रॉड्रिगेझ आले. त्यांनी आक्रमणाची पद्धत मुळापासून बदलली, परंतु हाताशी असलेले खेळाडू त्या पद्धतीसाठी निवडलेले नव्हते. २००८मध्ये संघाने तीन सामने जिंकले आणि नऊ गमावले. विद्यापीठाच्या इतिहासात एका हंगामात नऊ पराभव पूर्वी कधीच झाले नव्हते. शिवाय १९७५पासून सलग ३३ हंगाम टिकलेली हंगामोत्तर बोल सामन्यांची परंपरा तुटली. रॉड्रिगेझ यांना तीन वर्षे मिळाली. पुढे आलेल्या ब्रॅडी होक यांनी पहिल्याच वर्षी अकरा विजय मिळवून ओहायो स्टेटलाही हरवले, पण त्यानंतर दरवर्षी संघ खाली घसरत गेला आणि २०१४ अखेर पाच विजय व सात पराभवांवर त्यांची कारकीर्द संपली. पहिल्या वर्षाच्या यशावरून प्रशिक्षकाचे मोल ठरवणे किती फसवे असते, हे होक यांच्या कारकिर्दीने दाखवले. दर तीन-चार वर्षांनी पद्धत बदलली की आधीच्या पद्धतीसाठी निवडलेले खेळाडू अर्ध्यावर अडकतात आणि नव्या प्रशिक्षकाचे पहिले वर्ष त्या विसंगतीची भरपाई करण्यात जाते, हेही मिशिगनने रॉड्रिगेझ यांच्या वेळी अनुभवले होते.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०१४ मध्ये हार्बॉ आले. ते स्वतः १९८०च्या दशकात मिशिगनचे तेव्हाचे प्रशिक्षक बो शेम्बेक्लर यांच्या संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाताळून चेंडू फेकणारे खेळाडू, होते. स्टॅनफर्डच्या दुबळ्या संघाला त्यांनी वर आणले होते आणि सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स या व्यावसायिक संघाला सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. घरचा माणूस परत आला, या भावनेने अपेक्षा आकाशाला भिडल्या. पाच विजयांवर घसरलेला संघ पहिल्याच वर्षी दहा विजयांवर पोहोचला. दुसऱ्या वर्षीही दहा, तिसऱ्या वर्षी आठ, चौथ्या वर्षी पुन्हा दहा, पाचव्या वर्षी नऊ. बहुतेक विद्यापीठांनी असा आलेख आनंदाने स्वीकारला असता. पण मिशिगनमध्ये नोव्हेंबरच्या अखेरचा एक सामना या सगळ्यावर पाणी फिरवत राहिला.

त्या पाच पराभवांकडे एकेक करून पाहिले पाहिजे, कारण ते एकसारखे नव्हते. २०१५ मधील ४२-१३ हा पराभव नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या वर्षाचा होता आणि तो समजण्यासारखा होता. २०१६ मध्ये ओहायो स्टेटच्या कोलंबस येथील मैदानावर मिशिगन दुसऱ्या जादा डावात ३०-२७ असे हरले. तेथे चेंडू नेमका कुठे थांबला यावरचा वाद आजही मिटलेला नाही. त्या दिवशी दोन्ही संघ तोडीस तोड होते, आणि चाहत्यांनी त्या पराभवावरून प्रशिक्षकाविरुद्ध मत बनवणे अन्यायाचे झाले असते. २०१७ मध्ये ३१-२० हा पराभव झाला. परंतु २०१८ मध्ये मिशिगन दहा विजय आणि एका पराभवानिशी, देशातील चौथ्या क्रमांकाचा संघ म्हणून, कोलंबसला गेले. तोवर संघातील जवळजवळ प्रत्येक खेळाडू हार्बॉ यांनी निवडलेला होता आणि त्यांचा बचाव देशातील उत्तम बचावांत गणला जात होता. त्या बचावाने ६२ गुण दिले. पुढच्या वर्षी घरच्या मैदानावर ५६ दिले.

हे दोन पराभव वेगळ्या जातीचे होते. बचाव प्रमुख डॉन ब्राऊन यांची पद्धत अशी होती, की प्रत्येक बचावपटूने समोरच्या एका खेळाडूला शेवटपर्यंत धरून ठेवायचे आणि उरलेल्यांनी क्वार्टरबॅकवर तुटून पडायचे. सामान्य संघांविरुद्ध ही पद्धत फार प्रभावी ठरे. पण ओहायो स्टेटकडे इतके वेगवान खेळाडू होते, की मैदान आडवे कापत पळणाऱ्या त्यांच्या चेंडू झेलणाऱ्यांना एकट्याने धरून ठेवणे मिशिगनच्या बचावपटूंना शक्य होत नव्हते. एकदा असे झाले तर तो वाईट दिवस म्हणता येईल. दुसऱ्यांदा त्याच मार्गाने तसेच झाले, तेव्हा दोष पद्धतीत होता हे मान्य करणे भाग होते. २०१९ पूर्वी हार्बॉ यांनी आक्रमणाची सूत्रे जॉश गॅटिस या नव्या प्रमुखाकडे दिली होती, म्हणजे त्यांना बदलाचे वावडे नव्हते. बचावाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

माझे या प्रकरणातील मुख्य मत येथेच आहे. मिशिगनच्या चाहत्यांनी हार्बॉ यांच्यासाठी फार वर्षे वाट पाहिली, ही तक्रार मला पटत नाही. पहिली चार वर्षे कोणतीही अट न घालता थांबणे योग्यच होते, कारण एका प्रशिक्षकाचा संघ उभा राहायला तेवढा काळ लागतो. चूक झाली ती २०१८च्या नोव्हेंबरनंतर. त्या दिवशी नेमके काय मोडले आहे ते डोळ्यांसमोर दिसत होते, आणि तरीही पुढची दोन वर्षे ते दुरुस्त करण्याची अट न घालता गेली. त्या दोन वर्षांत चाहते दोन तटांत विभागले गेले. एक गट दहा विजयांचे आकडे पुढे करून आणखी वेळ मागत होता आणि दुसरा ओहायो स्टेटचे आकडे पुढे करून हकालपट्टी मागत होता. बचावाची पद्धत बदलणार की नाही, हा प्रश्न या गदारोळात बाजूला पडला.

२०२०च्या हंगामाने चित्र आणखी धूसर केले. महामारीमुळे बिग टेन कॉन्फरन्सने, म्हणजे मिशिगन ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्या गटाने, ऑगस्टमध्ये हंगाम पुढे ढकलला, नंतर निर्णय बदलून ऑक्टोबरच्या अखेरीस पहिले सामने घेतले. मैदाने सामान्य प्रेक्षकांसाठी बंद होती. काही महत्त्वाच्या खेळाडूंनी हंगामातून माघार घेतली, आणि बचावफळीतील सर्वांत आश्वासक खेळाडू एडन हचिन्सन घोट्याच्या दुखापतीने बाहेर गेला. पण ही कारणे सांगूनही पराभव झाकले जात नव्हते. मिशिगन स्टेटने २७-२४ असे हरवले, इंडियानाने १९८७ नंतर प्रथमच मिशिगनवर विजय मिळवला, विस्कॉन्सिनने घरच्या मैदानावर ४९-११ अशी धूळ चारली, आणि तोवर एकही सामना न जिंकलेल्या पेन स्टेटनेही मात केली. मिशिगनच्या संघातच संसर्ग पसरल्यामुळे ओहायो स्टेटचा सामना रद्द झाला. १९१८पासून दरवर्षी होत आलेला हा सामना प्रथमच खंडित झाला.

क्रीडा संचालक वॉर्ड मॅन्युएल यांच्यापुढे आता तीन वाटा होत्या. हार्बॉ यांचा मूळ सात वर्षांचा करार २०२१च्या हंगामानंतर संपणार होता. त्यांना तसेच शेवटच्या वर्षात ढकलले असते, तर प्रशिक्षक राहील की नाही याची खात्री नसलेल्या संघात यायला शाळेतील उत्तम खेळाडू कचरले असते. काढून टाकले असते, तर महामारीने क्रीडा विभागाचे उत्पन्न आटलेले असताना नव्या प्रशिक्षकाचा शोध आणि नवी पद्धत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती. तिसरी वाट होती ती मुदतवाढीची, आणि त्यांनी तीच निवडली, पण अटींसह. वर्षाला सुमारे ८० लाख डॉलरचे मानधन जवळपास निम्म्यावर, सुमारे ४० लाखांवर आणण्यात आले. उरलेली रक्कम कॉन्फरन्सचे विजेतेपद, राष्ट्रीय प्लेऑफमधील (विजेतेपदासाठीच्या बाद फेरीतील) प्रवेश अशा यशांशी जोडण्यात आली. आणि प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी काढल्यास द्यावी लागणारी भरपाईही खाली आणण्यात आली. म्हणजे विद्यापीठाने थांबण्याची तयारी दाखवली, आणि थांबणे फसल्यास बाहेर पडण्याचा दरवाजाही स्वस्त करून ठेवला. हार्बॉ यांनी हे मान्य केले, हाच माझ्या दृष्टीने त्या जानेवारीतील सर्वांत महत्त्वाचा संकेत होता. आपल्या किमतीत निम्मी घट स्वीकारणाऱ्या माणसाने आपण अपयशी ठरलो आहोत हे कोणत्या ना कोणत्या पातळीवर मान्य केलेले असते.

पगारकपातीपेक्षाही प्रशिक्षकवर्गातील बदल निर्णायक ठरले. ब्राऊन यांना निरोप देण्यात आला आणि त्यांच्या जागी बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघातून ३३ वर्षांचे माइक मॅक्डॉनल्ड आले. बाल्टिमोरचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक हे हार्बॉ यांचेच थोरले भाऊ जॉन. मॅक्डॉनल्ड यांनी बचावाचे रूप दर डावाला बदलत ठेवणारी, समोरच्या क्वार्टरबॅकला शेवटच्या क्षणापर्यंत अंदाज येऊ न देणारी पद्धत आणली. आक्रमणाच्या पहिल्या फळीचे काम शेरोन मूर यांच्याकडे सोपवण्यात आले. विद्यापीठाच्या इतिहासात सर्वाधिक धाव-यार्ड नोंदवणारा माजी खेळाडू माइक हार्ट धावपटूंचा प्रशिक्षक म्हणून परतला. सारा प्रशिक्षकवर्ग एका हिवाळ्यात तरुण झाला.

२०२१च्या हंगामापूर्वी असोसिएटेड प्रेसच्या पहिल्या पंचवीस संघांच्या यादीत मिशिगनचे नावही नव्हते. ऑक्टोबरच्या अखेरीस मिशिगन स्टेटविरुद्ध ३०-१४ अशी आघाडी असताना संघ ३७-३३ असा हरला, तेव्हा जुनाच प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला. त्यानंतर चार आठवड्यांनी, २७ नोव्हेंबरला, अॅन आर्बरमध्ये, म्हणजे घरच्या मैदानावर, मिशिगनने ओहायो स्टेटला ४२-२७ असे हरवले. हॅसन हॅस्किन्सने पाच टचडाऊन केले, म्हणजे पाचदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला, संघाने धावून २९७ यार्ड मिळवले आणि दुखापतीतून परतलेल्या हचिन्सनने समोरच्या क्वार्टरबॅकला तीनदा जमिनीवर लोळवले. पुढच्याच आठवड्यात आयोवाला ४२-३ असे हरवून मिशिगनने २००४ नंतरचे पहिले बिग टेन विजेतेपद मिळवले. हॅस्किन्स आणि हचिन्सन दोघेही २०१८ सालच्या भरतीतले होते. म्हणजे २०२०च्या पडझडीत अडकलेल्या संघातच हे सामर्थ्य होते. ते उमलायला वय आणि योग्य पद्धत या दोन्हींची गरज होती. नव्या करारातून त्या वर्षी मिळालेला बोनस हार्बॉ यांनी महामारीत पगारकपात सोसलेल्या क्रीडा विभागातील कर्मचाऱ्यांसाठी दिला.

येथे एक प्रामाणिक अडथळा आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. २०२१ ते २०२३ या काळात मिशिगनचा एक कर्मचारी प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसे पाठवून त्यांच्या प्रशिक्षकांच्या खेळी सांगणाऱ्या खुणा टिपून घेण्याची व्यवस्था चालवत होता, आणि अशी प्रत्यक्ष हेरगिरी नियमबाह्य आहे. २०२३च्या हंगामात खेळाडू भरतीच्या वेगळ्या प्रकरणावरून विद्यापीठाने हार्बॉ यांना पहिल्या तीन सामन्यांसाठी दूर ठेवले, आणि खुणांच्या प्रकरणावरून बिग टेनने शेवटच्या तीन साखळी सामन्यांसाठी निलंबित केले. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठीय क्रीडेची नियामक संस्था एनसीएएने मिशिगनला मोठा आर्थिक दंड ठोठावला आणि हार्बॉ यांच्यावर दहा वर्षांचे आणखी निर्बंध लादले. विजेतेपद मात्र काढून घेतले नाही. त्यामुळे संयमाचे फळ मिळाले असे म्हणताना त्या फळात या गैरप्रकाराचा किती अंश होता, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते बचावपद्धतीचा बदल आणि आक्रमक फळीची ताकद यांना ते यश मुख्यतः द्यावे लागते, कारण प्रकरण उघड होऊन तो कर्मचारी गेल्यानंतरही संघाने पेन स्टेट, ओहायो स्टेट, अलाबामा आणि वॉशिंग्टन यांना हरवले. पण हे मत आहे, आणि कोलंबसमधील चाहता ते मान्य करणार नाही हे मला समजते.

मिशिगनचा उपाय सर्वत्र लागू पडतो असे समजण्याआधी नेब्रास्काकडे पाहावे. १९९७चे राष्ट्रीय विजेतेपद मिशिगन आणि नेब्रास्का यांच्यात विभागले गेले होते, आणि त्या नेब्रास्का संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून घरी परतला. त्याआधीच्या वर्षी त्याने सेंट्रल फ्लोरिडाचा संघ एकही सामना न गमावता नेला होता. नेब्रास्कात मात्र चार, पाच, तीन आणि तीन विजय असे त्याचे चार हंगाम गेले. २०२१ मधील नऊही पराभव दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने झाले, आणि थोडक्यात हुकले, या सांत्वनावर चाहते तग धरून राहिले. त्या नोव्हेंबरमध्ये नेब्रास्काने जवळपास मिशिगनसारखाच तोडगा काढला: मानधन कमी केले, भरपाई घटवली, आक्रमणाचे चार सहायक प्रशिक्षक बदलले. पुढच्या हंगामातील तिसऱ्याच सामन्यात जॉर्जिया सदर्नने ४५-४२ असे हरवले आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट यांना काढले गेले. तीन आठवडे थांबले असते तर भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. विद्यापीठाने तेवढेही थांबायचे नाही असे ठरवले. एकूण हिशेब १६ विजय आणि ३१ पराभवांचा होता.

दोन्ही ठिकाणी औषध एकच होते, पण रोग वेगळा होता. हार्बॉ यांचा संघ बहुतेक सर्वांना हरवत होता आणि एका वरच्या संघाकडून ठरावीक कारणाने हरत होता. ते कारण दाखवता येत होते आणि बदलता येत होते. फ्रॉस्ट यांचा संघ दरवर्षी वेगवेगळ्या संघांकडून, वेगवेगळ्या चुकांनी हरत होता. एखाद्या संघाचे थोडक्यात झालेले पराभव चार वर्षे चालू राहिले, तर त्यांना दुर्दैव म्हणणे थांबवले पाहिजे.

व्हर्जिनिया टेकच्या फ्रँक बीमर यांचे उदाहरण मात्र या निकषालाही पूर्ण जुमानत नाही. १९८७पासूनच्या पहिल्या सहा हंगामांत त्यांचे २४ विजय, ४० पराभव आणि दोन बरोबरी होत्या. १९९२ मध्ये तर फक्त दोन विजय. आजच्या मापाने त्यांना दोनदा काढले गेले असते. पण त्यांना आधीच्या प्रशिक्षकाच्या काळातील शिक्षेमुळे कमी शिष्यवृत्त्यांवर संघ बांधावा लागला होता, आणि १९९२ नंतर त्यांनी बचावाची रचना व ती शिकवणारी माणसे बदलली. १९९३ मध्ये नऊ विजय मिळाले आणि तेथून निवृत्तीपर्यंत सलग २३ हंगाम संघ बोल सामन्यात खेळला. बीमर यांच्या बाबतीत अपयशाचे कारण प्रशिक्षकाच्या बाहेरचे होते आणि ते हळूहळू संपत होते, हा फरक चाहत्याने पाहायला हवा होता.

२०२१ नंतर ही सगळी गणिते आखडली आहेत. खेळाडूंना एक हंगाम बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागले आणि त्यांच्या नावाच्या वापरातून पैसेही मिळू लागले. २०२३ मध्ये तीन सामने जिंकलेल्या इंडियानाने कर्ट सिग्नेटी आल्यावर लगेच २०२४ मध्ये अकरा सामने जिंकून प्लेऑफ गाठला. म्हणून हार्बॉ यांना दिलेली चार वर्षांची मुभा आजच्या नव्या प्रशिक्षकाला कोणी देईल असे वाटत नाही, आणि ती तशीच द्यावी असे माझेही म्हणणे नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस संघ कोणत्या कारणाने हरतो आहे हे ओळखू येऊ लागले पाहिजे.

हार्बॉ जानेवारी २०२४ मध्ये लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले आणि मूर मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक झाले. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, फारशी आशा नसताना, मूर यांच्या मिशिगनने कोलंबसमध्ये ओहायो स्टेटला १३-१० असे हरवले. मिशिगनकडून ओहायो स्टेटचा हा सलग चौथा पराभव होता, आणि आता प्रशिक्षक रायन डे यांना काढा अशी मागणी ओहायो स्टेटचे चाहते करू लागले. क्रीडा संचालक रॉस ब्योर्क यांनी डे यांना ठेवले. त्यानंतर ओहायो स्टेटने टेनेसी, ओरेगन आणि टेक्सास यांना हरवले आणि २० जानेवारी २०२५ रोजी नोट्र डेमचा ३४-२३ असा पराभव करून राष्ट्रीय विजेतेपद जिंकले.